दर पाच मिनिटांनी एक नोंद

कुमुदकाकूंना प्राण्यांची आवड नव्हती. हे आधीच सांगून टाकते. त्या महिन्यातून दोनदा साडेसहा तास गाडी चालवून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका मरीन पार्कमध्ये किलर व्हेल बघायला जातात असं कळलं, की लोक लगेच हळवे होऊन म्हणायचे, "किती माया आहे हो तुम्हाला मुक्या जिवांची!" मराठी मंडळाच्या संक्रांतीला एका बाईंनी असं म्हटल्यावर काकूंनी हातातला तिळगूळ तोंडात टाकला, तो पूर्ण चावून संपवला आणि मग म्हणाल्या, "माया कसली? मला घरात मांजरसुद्धा चालत नाही. केस फार होतात."

"मग जाता कशाला?"

"मोजायला," काकू म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या मागे कागदी ताटल्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. पुण्याहून नोकरीसाठी अमेरिकेत, अल्फारेटाला येऊन मला पाच महिने झाले होते. अशा कार्यक्रमात काहीतरी काम हातात घेतलं की कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. काकू वळल्या.

"ताटल्या किती आहेत गं?"

"त्रेचाळीस."

"मोजल्यास?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "शनिवारी काय करतेस?"

काकू मूळच्या नाशिकच्या, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. काका गेल्यावर त्या मुलाच्या, निखिलच्या घरी बेसमेंटमधल्या दोन खोल्यांत राहायच्या. त्याआधी एकवीस वर्षं त्यांनी औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढली होती. औषध बनवायचं काम त्यांचं नव्हतं. बनवणाऱ्यांनी भरलेल्या नोंदी तपासायचं होतं. कोणत्या बॅचला किती तापमान होतं, कुणी पाहिलं, कधी पाहिलं, सही कुणाची. नोकरी सुटली, सवयी सुटल्या नाहीत. किराण्याची यादीसुद्धा त्या निळ्या बॉलपेनने लिहायच्या. पेन्सिल घरात नव्हती. व्हाइटनरचं नाव काढलं तर कुणी चपला घालून देवघरात शिरल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आद्याक्षरं व तारीख. फ्रिजवरच्या यादीत 'कोथिंबीर' खोडून 'पुदिना' केलेलं आणि बाजूला 'कु. गो.' आणि तारीख, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इरा, त्यांची नात, म्हणायची, "आजी, इट्स जस्ट मिंट!"

"साधारण" हा शब्द त्यांना खपत नसे. साधारण दहा म्हटलं की लगेच, "म्हणजे नऊ की अकरा?"

हे व्हेलचं प्रकरण इराच्या सातव्या वाढदिवसाला सुरू झालं. सगळे त्या पार्कमध्ये गेले होते. शो झाला, पाणी उडालं, इरा भिजली, टाळ्या वाजल्या. मग बाकीचे डॉल्फिन बघायला गेले आणि काकू गुडघे दुखतात म्हणून तिथेच पायऱ्यांवर बसून राहिल्या. स्टेडियम रिकामं झालं होतं. दोन व्हेलपैकी मोठी टँकच्या कोपऱ्यात, लोखंडी गेटला नाक लावून, पाण्यावर नुसती तरंगत होती. काकूंना वाटलं, दमली असेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली.

"त्रेपन्न मिनिटं," त्या मला म्हणाल्या. "जागची हलली नाही. एवढं मोठं जनावर! मला वाटलं, हे कुणी लिहून ठेवत असेल का?"

पार्कच्या ऑफिसात जाऊन त्यांनी तसं विचारलंही. तिथल्या मुलीने त्यांना एक रंगीत माहितीपत्रक आणि व्हेलच्या आकाराचं कीचेन दिलं.

घरी येऊन त्यांनी पाच जणांना पत्रं लिहिली. एकाच पत्राला उत्तर आलं, रूथचं. रूथ निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ होती, पार्कपासून जवळच राहायची आणि वर्षभराचा पास काढून, चार-सहा जणांना हाताशी धरून, ती खरोखरच लिहून ठेवत होती. पुढे एकेक जण कंटाळून गळाला. मी आले तोवर रूथचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं आणि पायऱ्या चढणं तिला जमत नव्हतं. उरल्या काकू, आणि मग मी.

मोजायची रीत रूथची होती. घड्याळ दर पाच मिनिटांनी बीप करायचं. बीप झाली त्या क्षणी मान वर करायची आणि दिसेल ते लिहायचं. दोघी कुठे आहेत, काय करताहेत, एकमेकींपासून किती अंतरावर आहेत. एका व्हेलच्या लांबीएवढं किंवा त्याहून कमी अंतर असेल तर 'जवळ', नाहीतर 'लांब'. नजर चुकली, समोर कुणी उभं राहिलं, उठून जावं लागलं, तर 'पाहिलं नाही'. बीपच्या आधी घडलेलं धरायचं नाही. नंतर घडलेलं धरायचं नाही.

दोघी म्हणजे आई आणि मुलगी. पार्कने त्यांना शोसाठी चमचमती नावं ठेवली होती. काकू ती उच्चारत नसत. त्यांच्या लेखी त्या 'मोठी' आणि 'धाकटी'. मोठी समुद्रातून पकडून आणलेली, चाळिशी ओलांडलेली. धाकटी टँकमध्येच जन्मलेली. मोठीचे खालचे दात गेटच्या सळ्या चावून हिरडीपर्यंत झिजले होते. तिने माशासाठी तोंड उघडलं की दुर्बिणीतून दिसायचे. पाठीवरचा पर शेंड्याशी वाकला होता. टँकवर सावली नव्हती. दुपारी त्या पाण्याकडे आम्हाला टोपी आणि गॉगल घालूनही बघवत नसे, आणि त्या दोघी दिवसभर त्यातच. पण आमच्या तक्त्यात दातांना रकाना नव्हता. उन्हालाही नव्हता.

सकाळची पाळी काकूंची, दुपारची माझी. दुपारच्या उन्हात त्यांना चक्कर यायची. काकांचा एक पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावर काकांचंच मोठं घड्याळ, आणि डोक्यावर वाढदिवसाच्या दिवशी त्या पार्कमध्येच घेतलेली टोपी, तिच्यावर उडी मारणारी व्हेल. "टोपी चांगली आहे," त्या म्हणायच्या, "कापड सुती आहे."

शुक्रवारी माझं ऑफिस सुटलं की निघायचं, रविवारी परतायचं. गाडी त्याच चालवायच्या, वेगमर्यादेच्या पाटीवर असेल तेवढ्याच वेगाने. मागचे ट्रक हॉर्न वाजवायचे. काकू आरशात बघून म्हणायच्या, "जा बाबा, तुला घाई आहे." निम्म्या वाटेवर एका रेस्ट एरियात थांबून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची. पहिल्या खेपेला मी बोलायला काहीतरी शोधत होते. हवामान, निखिलदादाचं ऑफिस. काकूंनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला म्हणाल्या, "जुई, बोलायलाच पाहिजे असं नाही हं." त्यानंतर अठरा महिने आम्ही फार कमी बोललो, आणि मला अमेरिकेत त्याहून बरी सोबत मिळाली नाही.

मोजण्याचं काम कंटाळवाणं होतं. काही घडत नाही, हेच मुख्यत्वे लिहायचं होतं. तरंगतेय. तरंगतेय. गेटपाशी. तरंगतेय. वर्तुळात फिरतेय. दिवसातून तीनदा शो, मग संगीत, उड्या, बादल्या, आणि पुन्हा तरंगतेय. कधी कुणी शेजारी येऊन विचारायचं. एकदा एका गृहस्थांनी कागदात डोकावून जरा चढ्या आवाजात विचारलं, "ते बाहेर पोस्टर घेऊन उभे असतात, तुम्ही त्यांच्यातल्या का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी रिटायर्ड आहे."

बाहेरच्या त्या पोस्टरवाल्यांचंही काकूंशी जमत नव्हतं. रविवारी ते गेटसमोर उभे असायचे. त्यांना कुठून तरी कळलं की ही भारतीय आजी इतके महिने सगळं लिहून ठेवतेय. त्यांनी मोठ्या आदराने काकूंच्या हातात कर्णा दिला. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मासे ताजे असतात. डॉक्टर रोज येतो. गेल्या महिन्यात टँकच्या एका बाजूला सावलीचं कापड लावलंय." मग कर्णा परत देताना आठवण झाल्यासारखं, "बाकी मोजणं चालू आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मुलगी रागाने म्हणाली, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काकू, ते कापडाचं सांगायची काय गरज होती?"

"लावलंय ना त्यांनी?"

"हो, पण..."

"मग लावलंय."

पहिल्या वर्षाच्या डिसेंबरात एक गोष्ट घडली. पायऱ्यांमागच्या ओकचं एक वाळकं पान वाऱ्याने टँकमध्ये पडलं. मोठीने ते जिभेवर घेतलं, खाली बुडी मारली, धाकटीच्या तोंडासमोर वर आली आणि पान सोडलं. धाकटीने ते घेतलं, थोडं अंतर नेलं आणि सोडलं. मोठीने पुन्हा उचलून तिला दिलं. मी उठून उभी राहिले. इतक्या महिन्यांत मी त्यांना कुणाच्या शिट्टीशिवाय, कुणाच्या बादलीशिवाय काही करताना पाहिलं नव्हतं. मग पान गाळणीच्या झोतात सापडून गेलं. मोठी गेटपाशी गेली, धाकटी दुसऱ्या टोकाला, आणि बीप झाली.

काकू मागच्या सावलीत बसल्या होत्या. मी वळून म्हटलं, "काकू, आत्ता..."

"पाहिलं मी."

"मग काय लिहू?"

"आत्ता काय दिसतंय?"

"लांब. पण आत्ता तर त्या..."

"बीप कधी झाली?"

मी 'लांब' लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसलं असणार, कारण त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, आपल्याला आवडेल तेव्हाच बघायचं ठरवलं तर त्या माहितीपत्रकात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

परतीच्या वाटेवर तासभर झाला होता. बाहेर पाइनची झाडं संपता संपत नव्हती. काकू एकदम म्हणाल्या, "नऊ वेळा."

"काय?"

"पान. नऊ वेळा दिलं तिने."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पार्क विकलं गेलं. नव्या मालकाला दोन व्हेल ठेवायच्या नव्हत्या. मोठीला दुसऱ्या राज्यातल्या एका पार्कमध्ये पाठवायचं घाटत होतं. पार्कचं म्हणणं असं, की या दोघी आई-मुलगी असल्या तरी त्यांचं एकमेकींवाचून अडत नाही, बराचसा वेळ त्या वेगवेगळ्याच असतात. त्यावर आरडाओरडा झाला, तेव्हा मालकाने बाहेरच्या तीन पशुवैद्यांची एक समिती नेमली. कुणाकडे गेल्या वर्षभरातली लेखी माहिती असेल तर ऑगस्टअखेर द्यावी, समिती म्हणेल ते आम्ही मानू, असं जाहीर झालं.

रूथचा त्या दिवशीचा फोन मी काकूंच्या स्वयंपाकघरात ऐकला. "कुमुद, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपले कागद मागतंय!" तिचा आवाज तरुण मुलीसारखा झाला होता.

मग रूथने समजावून सांगितलं. सकाळी त्यांना शिकवण्यासाठी वेगवेगळ्या टँकमध्ये ठेवतात, तेव्हा सकाळच्या नोंदींत त्या लांबच दिसणार. दुपारी दोन शोच्या मधल्या वेळात गेट उघडं असतं. तेव्हा कुठे जायचं ते त्यांचं त्या ठरवतात. आणि दुपारी त्या एकमेकींना चिकटून असतात, एका वेळी श्वास घेतात. म्हणजे सगळी मदार दुपारच्या कागदांवर.

"म्हणजे जुईच्या," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी दुपारी काकू उन्हामुळे पार्कच्या उपाहारगृहात जाऊन बसल्या होत्या, तेव्हा माझा फोन वाजला. मॅनेजरचा होता. शनिवारी मॅनेजर फोन करतो तेव्हा कशासाठी करतो, हे व्हिसावर काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी पायऱ्या उतरून खाली स्वच्छतागृहांपाशी गेले. आमची टीम निम्मी होणार होती. मी राहणार की जाणार ते त्यालाही माहीत नव्हतं, पण हे सांगायला त्याला अर्धा तास लागला. मी परत आले तेव्हा सहा बीप होऊन गेल्या होत्या. दोघी टँकच्या मधोमध शेजारी शेजारी तरंगत होत्या. मी गेले तेव्हाही तिथेच होत्या. मी सहा चौकटींत सहा वेळा 'जवळ' लिहिलं.

आपण खोटं लिहितोय असं मला तेव्हा वाटलंच नाही. त्या आधी जवळ होत्या, नंतर जवळ होत्या, मधे कुठे जाणार? आणि ते पानही मनात होतं. नऊ वेळा दिलेलं पान कुठल्याच चौकटीत नव्हतं, तर या सहा त्याच्या वाट्याच्या, असं काहीसं.

सोमवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर काकूंनी नेहमीप्रमाणे कागद तपासायला घेतले. मी ताटं उचलत होते. त्यांनी एक कागद दिव्याखाली तिरका धरला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला.

"जुई, हे सहा एका दमात लिहिलेस."

मी ताटं सिंकमध्ये ठेवली.

"दर पाच मिनिटांनी माणूस पुन्हा पेन उचलतो, तेव्हा हात थोडा वेगळा पडतो," त्या शांतपणे म्हणाल्या, जसं काही मला शिकवताहेत. "घाम असतो, कागद सरकतो. हे वरचे बघ. कुठे 'ज' मोठा, कुठे रेघेच्या खाली. आणि हे सहा बघ. शुद्धलेखनासारखे."

"फोन आला होता," मी म्हणाले.

"मग 'पाहिलं नाही' लिहायचं."

"हो."

"का नाही लिहिलंस?"

"त्या जवळच होत्या, काकू."

"पाहिलंस तू?"

मी मान हलवली. त्यांनी कागद खाली ठेवला आणि दोन्ही हातांचे तळवे त्यावर सपाट ठेवले. त्या मला एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या उठल्या, फ्रिजमधून दही काढलं, आणि म्हणाल्या, "तू ताकाशिवाय उठलीस. बस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रूथला फोन लावला. स्पीकरवर, मला समोर बसवून. रूथ इंग्रजीत बोलायची. मला आठवतंय ते मराठीत लिहिते.

"सहा चौकटी आहेत, कुमुद. सहा खोडून टाक."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांवर मला शंका नाही."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या. "पण एका माणसाने एकदा न बघता भरलं, तर त्याच्या हातचं सगळं बाजूला ठेवायचं, हा नियम मी एकवीस वर्षं चालवलाय. दोन माणसांच्या नोकऱ्या गेल्यात त्यात. एकाची बायको पोटुशी होती. आता पोरगी माझी आहे म्हणून सहाच खोडू?"

"तिचे कागद बाजूला ठेवले तर आपल्याकडे काही उरत नाही. ते जनावर जाईल. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"हे कुणालाही कळणार नाही, कुमुद."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "असं जुईलाही वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

रूथने फोन ठेवला.

काकूंनी सगळे कागद पाठवले. काहीही फाडलं नाही, काही लपवलं नाही. सोबत एक पानाचं पत्र जोडलं. दुपारच्या निरीक्षकाने एका दिवशी सहा नोंदी न पाहता केल्या आहेत, त्यामुळे त्याच निरीक्षकाच्या इतर नोंदींवर किती विसंबायचं ते समितीने ठरवावं. निरीक्षकाला मी शिकवलं आहे, तेव्हा ही चूक माझी. खाली त्यांची सही. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस मी रागावले होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर नाही, त्यांच्यावर. त्या पार्कच्या लोकांनी किती खोटं छापलं असेल. त्यांना कोण असं पत्र लिहायला सांगतंय? मी काकूंकडे जाणं टाळलं. त्यांचा दर सोमवारी मेसेज यायचा: "जेवायला येणार का? हो/नाही." मी "नाही" लिहायचे. पाच सोमवार त्यांनी विचारलं. सहाव्याला मी गेले. त्यांनी आमटी गरम केली. त्या विषयावर आम्ही बोललो नाही. माझी नोकरी टिकली होती, ते मात्र त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

समितीचं उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं, दीड पानाचं. दुपारच्या नोंदी विचारात घेता येत नाहीत. सकाळच्या नोंदींवरून दोघींच्या नात्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. प्रामाणिकपणाबद्दल आभार. मोठीला हलवायला हरकत नाही.

काकूंनी ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारी त्या कधी पडत नसत. इरा शाळेतून आली आणि दारातूनच मला हळूच म्हणाली, "इज आजी सिक?" मी म्हटलं, दमलीय.

आता त्या पार पश्चिम किनाऱ्याजवळ, बॉथेलला असतात. निखिलदादाची नोकरी तिकडे गेली. तिथल्या समुद्रात ओर्का, म्हणजे याच किलर व्हेल, येतात, दादाने त्यांना बोटीतून दाखवायला नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांना बघायला कशाला जायचं? त्या कुठे अडकल्यात?" फोनवर हे सांगताना त्यांना स्वतःलाच थोडं हसू आलं. आमचं बोलणं होतं, कमीच. पण मला त्या डोळ्यांसमोर येतात त्या स्वयंपाकघरात नाही, पायऱ्यांवरही नाही. येतात त्या मोठीला नेलं त्या सकाळच्या.

तो नोव्हेंबरमधला गुरुवार होता. मी रजा टाकली होती. पोस्टरवाले पुढच्या गेटशी होते. आम्ही मागच्या, सामानाच्या रस्त्यावर तारेच्या जाळीच्या कुंपणापाशी उभ्या होतो. तिथे कुणीच नव्हतं. रूथ आली नाही. त्या फोननंतर दोघी पत्रानेच बोलत होत्या. काकूंच्या हातात त्या दिवशी कागद नव्हता.

आत क्रेनचा हात वर आला. कॅनव्हासच्या झोळीत मोठी, दोन्ही बाजूंनी पाणी गळतंय, झोळीच्या भोकांतून बाहेर आलेले तिचे बाजूचे काळे पर अगदी सैल. तिने काही धडपड केली नाही. मी काहीतरी भयंकर बघायची तयारी करून आले होते, आणि ती एखाद्या पेशंटसारखी निमूट वर गेली, हळूच वळली, आणि ट्रकवरच्या पाण्याच्या पेटीत खाली उतरली. चार माणसं बर्फ ओतत होती. एक बाई, बहुतेक तिला शिकवणारी, पेटीच्या काठावर ओणवी होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. अठरा महिन्यांत मी तो कधी ऐकला नव्हता. ओल्या काचेवर कुणी बोट ओढावं तसा, पण लांबलचक, अतिशय बारीक, आणि शेवटी वर चढत जाणारा. मी काकूंकडे पाहिलं. त्या ट्रककडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

"काकू, ऐकू येतंय ना?"

"काय?"

"धाकटी. ओरडतेय."

त्यांनी मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या बाजूला. मग जाळीला कान लावला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज मला येत नाही आता." थोडं थांबून, "कशी ओरडतेय? मधे थांबते, की सलग?"

"सलग. श्वासापुरती थांबते, की परत."

"बरं."

ट्रक सुरू झाला. फाटक उघडलं. आमच्या पुढून जाताना ड्रायव्हरने सवयीने हात वर केला. पाण्याची एक ओली रेघ डांबरावर मागे राहिली आणि ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. आतून एक सुरक्षारक्षक आला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, झालं आता, इथे बघण्यासारखं काही नाही. काकूंनी त्याला मान डोलावली आणि जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी जाळीत बोटं अडकवली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "थांबली की सांग."

मी उभी राहिले. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. पुढच्या गेटवरच्या घोषणा संपल्या, लोक पांगले. शोचं संगीत त्या दिवशी लागलं नाही. ऊन कुंपणाच्या या बाजूला आलं. काकूंच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ चष्म्याच्या काडीपर्यंत आला, तो त्यांनी पुसला नाही.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हणाले.

त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि जाळीला धरून तशाच उभ्या राहिल्या.